तेरावी प्रत

देवरे आप्पा कुठल्याही घरात शिरले की आधी वर बघत. माळा, कपाटाचं डोकं, दारावरची फळी. माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, छताला ओल आली आहे की काय ते बघताहेत. नंतर कळलं, जुने कॅमेरे असलेच तर अशाच जागी असतात. घरातला फोटो काढणारा माणूस गेला की त्याचा कॅमेरा कोणी फेकत नाही आणि वापरतही नाही. चामड्याच्या पेटीत घालून, हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून देतात आणि विसरून जातात.

आप्पा सरकारी मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणा करायच्या, नकाशा काढायचा. तीस वर्षांत जिल्ह्यातलं फारसं कुठलं गाव त्यांनी सोडलं नव्हतं. मोजणी झाली की शेतकरी चहाला घरी नेई. आप्पा उंबऱ्यातूनच वर बघत आणि फळीवर काही दिसलं की कप खाली ठेवून विचारत, "ती पेटी जरा काढता का?" उंच, काटकुळा माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बोलणं सावकाश, प्रत्येक शब्द मोजल्यासारखं. मूळचे सटाण्याकडचे, पण शहरात इतकी वर्षं काढल्यावर घरची अहिराणी ते चुकूनही बाहेर काढत नसत.

इंदिरानगरला त्यांच्या घरासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. मधे फक्त गल्लीचा रस्ता. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी ते मला रेखाताई म्हणत. त्यांची बायको, इंदूकाकू, मात्र सरळ 'ए रेखा' म्हणायची आणि संध्याकाळी भाकरी-भाजीचा डबा आणून द्यायची.

पुस्तकाची गोष्ट देवळालीत सुरू झाली. तिथल्या एका जुन्या बंगल्याची मोजणी आप्पांकडे आली होती. मालकीण एकटी पारशी म्हातारी, बंगला विकून बहिणीकडे निघाली होती. तिने जाताना आप्पांना एक खोकं दिलं. त्यात घडीचा एक जर्मन कॅमेरा होता आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. जगातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या किंमती त्यात ओळीने दिलेल्या होत्या. कुठल्या कारखान्याचा, कुठल्या काळातला, भिंग कुठलं, अवस्था कशी, आणि त्या त्या अवस्थेला किती पौंड. आप्पांना इंग्रजी बेताचं, म्हणून ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. त्यातली संक्षिप्त अक्षरं आम्ही दोघांनी आठवडाभर बसून लावली. ती लागल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "ताई, हा तर कॅमेऱ्यांचा सातबारा आहे."

त्या दिवसापासून पुस्तक त्यांच्या पिशवीत असे, मोजणीच्या नकाशांबरोबर.

लोकांना वाटायचं की ते कॅमेरे विकत घेतात. तसं फारसं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्वतःसाठी अकरा कॅमेरे घेतले, तेही मालकाला पुस्तकातली ओळ दाखवून आणि तिचा अर्थ समजावून. बाकी ठिकाणी ते फक्त किंमत सांगत आणि वहीत लिहून घेत. मी एकदा विचारलं, यात तुम्हाला काय मिळतं? ते म्हणाले, "किंमत कळली की माणूस वस्तूकडे नीट बघतो. तोपर्यंत बघतच नाही."

कळवणच्या आठवडी बाजारातला एक प्रसंग त्यांनीच सांगितला होता. भंगारवाल्याच्या तराजूत एक बाई पितळी भांडी घालत होती आणि भांड्यांवर एक कॅमेरा ठेवला होता, वजनाला. आप्पांनी भंगारवाल्याला थांबवलं, पिशवीतून पुस्तक काढलं आणि बाईला ओळ दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं. पण एक सरकारी माणूस बाजारात उकिडवा बसून आपल्या सासऱ्याच्या डब्याबद्दल पुस्तकात बघून सांगतोय, एवढं तिला पुरलं. तिने कॅमेरा पदरात गुंडाळला आणि निघून गेली. दोन वर्षांनी त्याच गावात मोजणी निघाली तेव्हा आप्पा तिच्या घरी गेले. कॅमेरा देव्हाऱ्यात होता. भिंगावर हळद-कुंकू. आप्पांनी पुसू का म्हणून विचारलं तर बाई नाही म्हणाली. ही गोष्ट सांगताना आप्पा हसायचे. ते क्वचित हसत, म्हणून माझ्या लक्षात आहे.

दुसरा प्रसंग निफाडकडचा. एका बागायतदाराला बांध दोन हात शेजाऱ्याच्या बाजूला सरकवून हवा होता. आप्पांचं वेड त्याने ऐकलं होतं. चहाबरोबर त्याने दोन भिंगांचा एक सुंदर कॅमेरा समोर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या घरात पडून हाय. तुम्ही नेला तर बरं होईल." आप्पांनी तो हातात घेतला, खिडकीकडे धरला, शटर दाबून डोळे मिटून आवाज ऐकला. मग खाली ठेवला. "वहीत लिहीन. घरी नेणार नाही," म्हणाले. बांध होता तिथेच राहिला. कॅमेराही त्या वहीत लिहिला गेला, मालकाच्या नावासकट, 'अवस्था उत्तम' असा शेरा मारून.

एका गोष्टीला मात्र ते घाबरत. बुरशीला. भिंगात आतून पांढऱ्या धाग्यांची जाळी धरते, ती बाहेरून पुसता येत नाही. बुरशी लागलेला कॅमेरा ते दुसऱ्या कॅमेऱ्यांजवळ ठेवू देत नसत. "ही पसरते. कधी सुरू झाली ते कळत नाही. कळतं तेव्हा आत पोचलेली असते," असं ते म्हणत, अगदी हळू आवाजात, जणू तिला ऐकू जाईल.

निवृत्तीनंतर, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, त्यांनी ठरवलं की आपल्या वहीचं पुस्तक करायचं. परदेशातल्या किंमती इथे लागू पडत नाहीत, इथे कुठला कॅमेरा किती आहे, कशा अवस्थेत आहे, त्याला काय यावं हे कुणीतरी लिहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. मुंबईचे व्यापारी खेड्यातून कॅमेरे कवडीमोलाने उचलत, कारण विकणाऱ्याला काही माहीत नसे. हिवाळाभर मी टाइप करत होते. नाव, बनावट, भिंग, अवस्था, परदेशातली किंमत, इथली किंमत. आणि शेवटचा रकाना, 'कोठे आहे'. तिथे ते गाव, मालकाचं नाव आणि घराची खूण लिहीत. 'पाराच्या मागे, निळे दार.' 'दवाखान्यावरचा मजला, जिन्यासमोरचा माळा.' मोजणीदाराची सवय.

इंदूकाकू एकदा डबा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचत उभी राहिली. "घराची खूणसुद्धा लिहिताय?" ती त्यांना म्हणाली. "कशाला हो?"

"मालक कळला नाही तर नोंदीला अर्थ काय? जमिनीच्या उताऱ्यावर नाव असतंच की."

"जमीन कोणी उचलून नेत नाही," काकू म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

बारा प्रती काढल्या. प्रत्येकीवर आप्पांनी लाल पेनाने क्रमांक घातला. जिल्ह्यातले जुने फोटोग्राफर आणि संग्राहक मिळून अकरा जणांना त्या हातोहात दिल्या, प्रत्येकाची सही घेतली आणि एक स्वतःकडे ठेवली. मूळ कागद माझ्याकडे राहिले, कारण त्यांना अजून दुरुस्त्या करायच्या होत्या.

इथे मला माझं सांगावं लागेल.

त्यानंतर महिन्याभराने, दुपारच्या वेळी, दुकानात एक माणूस आला. पन्नाशीच्या आतला, इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, आवाज मऊ. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी केली होती. पुण्याहून आलोय म्हणाला, जुन्या फोटो स्टुडिओंवर लिहितोय, देवरेसाहेबांच्या पुस्तकाबद्दल ऐकलं, पण ते घरी नाहीत. आप्पा आणि काकू त्या आठवड्यात लग्नाला सटाण्याला गेले होते. त्याने विचारलं, "तुमच्याकडे एखादी प्रत असेल का?"

मला अभिमान वाटला. मी हिवाळाभर टाइप केलेलं पुस्तक कुणी पुण्याहून शोधत आलं होतं. मी तेरावी प्रत काढली आणि बांधून दिली. तो उभ्या उभ्या पानं चाळत होता. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही घराची खूण का?"

"हो. आप्पा फार बारकाईने लिहितात."

"छान," तो म्हणाला. "असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत."

मी नाव विचारलं नाही. आप्पा परत आले तेव्हा सांगायचं राहिलं. मग आठवण झाली तेव्हा वाटलं, क्रमांक घालून सह्या घेणारा माणूस, रागावतील. म्हणून सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कळवणच्या एका डॉक्टरांचं पत्र आलं. कुटुंब गावाला गेलं असताना घर फोडलं होतं. कपाटात सोनं होतं, बाहेर टीव्ही होता. चोराने कशाला हात लावला नाही. जिन्यासमोरच्या माळ्यावरचा कॅमेरा तेवढा नेला. बाकीची खोकी हललीसुद्धा नव्हती. आप्पा पत्र वाचून म्हणाले, "भुरटा असेल. घाईत हाताला आलं ते नेलं." संक्रांतीच्या सुमाराला नाशिकरोडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाच्या घरून तसाच एक कॅमेरा गेला. तिसरा देवळालीतून गेला. त्या दिवशी दुपारी ते स्वतःची प्रत घेऊन दुकानात आले आणि माझ्यासमोर काउंटरवर उघडून ठेवली. तीन ओळींवर लाल खुणा होत्या.

"परदेशातल्या किंमतीचा रकाना बघा, ताई. सगळ्यात जास्त हा. त्याखालोखाल हा. मग हा. तो वरून खाली येतोय."

मी रकाना बघत राहिले. मशीन चालू होतं. मी ते बंद केलं.

"म्हणजे पुस्तक बघून?"

"ओळीने," आप्पा म्हणाले. "मी मोजणी करायचो तसं."

मग त्यांनी चौथ्या किंमतीवर बोट ठेवलं. सायखेडा. दगू सोनवणे. लाकडी कॅमेरा, विलायती पितळी भिंग. पाराच्या मागे, निळे दार.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर सायखेड्याला गेले. का जातेय ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. दगूबाबांनी पन्नास वर्षं गोदाकाठच्या गावांत लग्नांचे आणि शाळांचे फोटो काढले होते. आता पंचाऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कॅमेरा खोलीच्या मधोमध तिवईवर उभा, वर स्वच्छ धुतलेलं काळं कापड. आप्पांनी सगळं नीट समजावलं. हा काही दिवस बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू, नाहीतर नातेवाइकाकडे ठेवू, म्हणाले.

"आप्पासाहेब," दगूबाबा म्हणाले, "मी इथं हाय तवर हा इथंच हाय. लॉकरात ठेवून मी काय बघत बसू?"

"बाबा, तो येईल."

"कशावरनं?"

आप्पांनी पुस्तक पुढे केलं. दगूबाबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, पण त्यांना दिसत नव्हतं. "तुम्हीच लिवलंय ना?" ते म्हणाले. "मंग खोडून टाका."

परतताना एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. पुस्तक रस्ताभर मांडीवर मिटून धरलेलं.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी वाटलेल्या अकराही प्रती गोळा केल्या. काहींनी आनंदाने दिल्या, काहींनी दारातूनच. कळवणला डॉक्टरांच्या बायकोने खिडकीतूनच बोलून घेतलं, आत या म्हणाली नाही. ज्या घरांत तीस वर्षं चहा प्यायला होता तिथे लोक आता त्यांच्या नजरेकडे बघत, ते वर बघताहेत का म्हणून. आप्पांनी वर बघणं सोडलं. मान खाली घालून बसत. कापडी पिशवीत, स्वतःची धरून, बारा प्रती घालून ते दुकानात आले, क्रमांकाने काउंटरवर लावल्या आणि मला विचारलं, "ताई, एकूण किती निघाल्या होत्या?"

"बारा," मी म्हटलं.

ते प्रती एकेक करून पिशवीत भरून गेले.

सायखेड्याच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दगूबाबांची सून भाजी आणायला गेली होती. दोन माणसं आली. दगूबाबांनी तिवई धरून ठेवली. त्यांनी ओढली. म्हातारा दारापर्यंत तिवईबरोबर गेला आणि पायरीवर पडला. मांडीचं हाड मोडलं.

नाशिकला हॉस्पिटलात आम्ही दोघं भेटायला गेलो. दगूबाबा शुद्धीवर होते, आवाज मात्र फार खाली गेला होता. आप्पांचा हात धरून म्हणाले, "त्यांनी गावात कुनाला इचारलं बी नाय. सरळ निळ्या दारातून आत आले. जसं काय घर ठाव होतं."

आप्पांनी हात सोडवला नाही. मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर बसताना, ते स्वतःशीच म्हणाले, "मन्ही चूक शे." माझी चूक आहे, एवढंच. घरची अहिराणी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

पोलिसांनी त्यांना तीनदा बोलावलं. फौजदार भला माणूस होता, पण प्रश्न विचारायचे ते त्याने विचारलेच. यादी कोणी केली? मी. म्हणजे कुठे काय आहे ते सगळं तुम्हाला माहीत? होय. आणि पुस्तकाच्या सगळ्या प्रती आता तुमच्याकडे? होय. मग चोराला कसं कळतंय? याचं उत्तर माझ्याकडे होतं.

विसाव्या दिवशी दगूबाबा गेले.

त्या दुपारी मी रस्ता ओलांडून आप्पांकडे गेले आणि सगळं सांगितलं. निळा शर्ट, मऊ आवाज, पांढरी गाडी, मी काढून दिलेली तेरावी प्रत, आणि 'बारा' म्हणून सांगितलेलं खोटं. इंदूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ऐकून आत निघून गेली. त्यानंतर तिने मला डबा दिला नाही. कधीच नाही.

आप्पा म्हणाले, "मला वाटलं होतं. त्या दिवशी तुम्ही बारा म्हणालात ते माझ्याकडे नाही, मशीनकडे बघून म्हणालात."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही विचारलं?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

मी रडले. त्यांनी मला थांबवलं नाही आणि समजूतही काढली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्याचा चेहरा आठवतो?"

"हो."

"नीट?"

"हो, आप्पा."

"मग तो विसरू नका. तेवढं करा."

मी फौजदारांना वर्णन लिहून दिलं. ते वाचून म्हणाले, असे लोक शहरात हजार आहेत. काही निष्पन्न झालं नाही.

त्यानंतर आप्पांनी जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते नवीन कागद घेऊन आले. पुस्तकात उरलेले सगळे कॅमेरे, उतरत्या किंमतीने, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच पत्ता. त्यांचा. इंदिरानगर, झेरॉक्सच्या दुकानासमोर.

"हे कॅमेरे तुमच्याकडे आहेत?" मी विचारलं.

"नाहीत. ज्यांचे त्यांच्याकडेच आहेत."

"मग ही नोंद खोटी आहे."

"हो," ते म्हणाले. "पहिलीच."

खाली त्यांनी सही केली. मी शंभर प्रती काढल्या. नाशिक, पुणे, मुंबईच्या फोटोच्या दुकानांत, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे, संग्राहकांना, सगळीकडे त्या पोस्टाने गेल्या. 'सर्व संग्रह आता एके ठिकाणी, पाहण्यास मिळेल' असं वर छापलं होतं. इंदूकाकू त्यांना म्हणाली, मी ऐकलं, "माझ्या घरी बोलावताय त्याला."

"दुसऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा बरं."

मुलीने पुण्याला बोलावलं तरी काकू गेली नाही. फक्त स्वयंपाकघराला आतून कडी बसवून घेतली.

आप्पांनी आपले अकरा कॅमेरे रस्त्यावरून दिसतील असे काचेच्या कपाटात लावले. सकाळी आठला दार उघडत आणि दिवेलागणीपर्यंत उघडं ठेवत. दारात खुर्ची. त्यांनी त्या माणसाला पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं. माझा काउंटर बरोबर समोर. कुणी अनोळखी पायऱ्या चढलं की आप्पा उठून उभे राहत, पाहुण्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत. मी मान हलवून नाही म्हणायची. मग ते म्हणत, "या, बसा."

पुष्कळ लोक आले. हौशी मुलं, वर्तमानपत्रवाले, भंगारवाले, एक परदेशी जोडपं. यादीतले बाकीचे कॅमेरे कुठे, असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणत, आत आहेत, पुन्हा कधीतरी. चोऱ्या थांबल्या होत्या. एकही झाली नाही. सुरुवातीला मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की चोऱ्या थांबल्या याचा अर्थ त्याने नवी यादी वाचली आहे.

एकदा मेनरोडचा एक दुकानदार सांगून गेला, एक गृहस्थ विचारत होते, देवरे दुपारी घरी असतात का. कसे दिसत होते, मी विचारलं. साधारण, तो म्हणाला. चांगले होते बोलायला. त्या दिवसापासून आप्पांनी दुपारची झोप सोडली.

वर्षं अशी गेली. फिल्मचे रोल मिळेनासे झाले. लोकांच्या हातात डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइल. माझ्या टायपिंगच्या जागी दोन कॉम्प्युटर आले. आप्पांच्या पुस्तकातल्या किंमती जुन्या झाल्या, इंटरनेटवर कुणीही बघून सांगू लागलं. तरी दार उघडं आणि खुर्ची दारात. आप्पांचे खांदे वाकले, डोळ्यांवर जाड चष्मा आला. कुणी आलं की उठायला वेळ लागे, पण माझ्याकडे बघायचं ते विसरत नसत.

मीच विसरत होते. पहिली काही वर्षं मी तो चेहरा रोज आठवून बघायची, पाठांतर म्हणतात तसं. मग एक दिवस तो नीट जुळेना. शर्ट आठवायचा, आवाज आठवायचा, रकान्यावर ठेवलेलं बोट आठवायचं. चेहऱ्याच्या जागी कधी बँकेच्या मॅनेजरांचा चेहरा यायचा, कधी टीव्हीवरच्या कुणाचा. मी आप्पांना सांगितलं नाही. सांगायचं ते वेळेवर न सांगणं मला आधीपासून जमत होतं. ते बघायचे, मी मान हलवायची, ते 'या, बसा' म्हणायचे.

आता सांगते त्या दुपारनंतर पुढच्याच आठवड्यात मुलगी येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली, तेव्हा मी माहेरी होते. त्यामुळे माझ्याजवळ आप्पा उरलेत ते त्या दुपारचेच.

उन्हाळा होता. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली आणि साठीचे एक गृहस्थ उतरले. केस पांढरे, कपडे इस्त्रीचे. पायऱ्यांपाशी चपला काढून त्यांनी हात जोडले. आप्पा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या गृहस्थांकडे बघितलं. बघत राहिले. मग मान हलवली, नाही.

ते अर्धा तास आत होते. काचेतून मला दिसत होतं, आप्पा एकेक कॅमेरा काढून देत होते आणि गृहस्थ दोन्ही हातांनी तो धरून खिडकीकडे नेत होते. काही बोलणं चाललं होतं, ऐकू येत नव्हतं. मग ते निघाले, हात रिकामे. चपला घालताना त्यांनी वळून संबंध घराकडे एकदा बघितलं आणि गाडीत बसून गेले.

आप्पा सावकाश रस्ता ओलांडून माझ्या काउंटरपाशी आले. श्वास लागला होता.

"ताई, तो होता का?"

"नाही."

"फार मऊ बोलत होता. सायखेड्याचं नाव काढलं तेव्हा गप्प झाला." ते थांबले. "खात्रीने नाही?"

काय झालं कुणास ठाऊक, त्या वेळी मला खोटं बोलवेना.

"आप्पा, मला आता चेहरा आठवत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याच्या जाड काचांमागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते.

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली."

त्यांनी काउंटरवर हात टेकला. रागावतील असं मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त हिशोब लावत होते, त्या दोन-तीन वर्षांत कोण कोण आलं, कोण खुर्चीवर बसलं, कोणाला काकूने पाणी दिलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसत होतं. मग त्यांनी हात काढून घेतला.

"बरं," म्हणाले.

तीन वाजले होते, ऊन रस्त्यावर होतं. आप्पा परत गेले, एकेक पायरी चढले, खुर्ची आत ओढली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज इकडे ऐकू आला. मी संध्याकाळपर्यंत बसून होते. त्यांनी दार उघडलं नाही.